अकोल्यातून दिसणारं ऑफिस

आमचे मालक, भाऊ, माती चाखत. चिमूटभर बोटावर घ्यायची, जिभेला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. बोअरची गाडी जमिनीत भोक पाडू लागली की दर पन्नास फुटांवर जो गाळ वर येई, तो आधी भाऊंच्या तोंडात जाई आणि मग काचेच्या बरणीत. मी कामाला लागलो त्या दिवशी हे पाहून हसलो. भाऊंनी माझ्याही जिभेवर चिमूट ठेवली आणि म्हणाले, "हासा आता, राजे."

सगळ्यांना ते राजेच म्हणत. ड्रायव्हरला राजे, तहसीलदाराला राजे, ऑफिसात शिरलेल्या बकरीलाही राजे. आणि सगळं फुटात मोजत. फोन उचलला की पहिला प्रश्न, "किती फुटावर हाये?" म्हणजे कुठपर्यंत आलात. डब्याला उशीर झाला की, "जेवण किती फुटावर हाये?" त्यांच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या बापाला विचारलं, "तुमच्या घरी पाणी किती फुटावर लागते?" तो बिचारा म्हणाला, "आमच्याकडे नळ हाये." भाऊ आत येऊन बायकोला म्हणाले, "सोयरीक वरवरची दिसते."

मी चौथी पास, तीही मास्तरच्या मेहरबानीनं. सजवून लिहिता येत नाही. बुढी, म्हणजे माझी बायको, होती तोवर हे सगळं आठवून सांगायचं काम तिचं होतं. मी नुसता हो म्हणायचो. आता ती नाही, तर मलाच आठवावं लागतं.

भाऊंच्या दोन बोअरच्या गाड्या आणि अमरावतीत एक ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, मागं माझी झोपायची जागा. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. लोणच्याच्या, औषधाच्या, मुरब्ब्याच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, शेत, किती फूट. गोडं पाणी लागलं तर पांढरं झाकण, खारं लागलं तर लाल, आणि कोरडंच गेलं तर बरणी उलटी. दर्यापूरकडची फळी सगळी लाल, तो खारपाण पट्टा. मोर्शीकडं पांढरी झाकणं होती, पण वर्षागणिक तिथंही उलट्या बरण्या वाढत होत्या. त्या सालांत विहिरी तळाला गेल्या होत्या आणि जो तो जमिनीत भोक पाडून राहिला होता. बाकीचे गाडीवाले, बोलावलं की जात. भाऊ आधी बरण्या पाहत. त्या शिवारातल्या बरण्या उलट्या असल्या की हात जोडत. "नका पाडू, राजे. खाली काई नाई." माणूस चिडून दुसऱ्याकडे जाई. चार दिवसांनी भाऊ तिथं जाऊन त्याच्याच बोअरचा गाळ मागून आणत आणि बरणी उलटी ठेवत.

म्हणून ऑफिस एक मिनिट सुनं सोडायचं नाही, हा कायदा. त्याला कारण घडलं होतं. एका दिवाळीत कुलूप लावून आम्ही सगळे घरी गेलो. घरमालकानं मागच्या दारानं चुना द्यायला माणूस घातला. तो माणूस मोठा टापटिपीचा. त्यानं बरण्या उतरवल्या, चिठ्ठ्या भिजल्या त्या फाडून टाकल्या, बरण्या धुवून पुसून परत लावल्या. लहान पुढं, मोठ्या मागं. दिसायला देवघर! भाऊ दारात उभे राहिले आणि मटकन खाली बसले. नंतर वीस दिवस एकेक बरणी उघडून चाखत होते. शंभरातल्या नव्वद ओळखल्या. पोट बिघडलं ते वेगळं. पण दर्यापूरकडच्या एका बाईला ओळखायला चुकलेल्या बरणीवरून "गोडं लागीन" म्हणून सांगितलं आणि लागलं खारं. भाऊंनी त्या बाईसमोर ते पाणी तांब्याभर प्यायलं, तोंड वाकडं न करता. परत येऊन मला म्हणाले, "राजे, आता या खोलीवर कोणाची तरी नजर पाह्यजे. कायमची."

ती नजर म्हणजे मी.

घर माझं अकोल्याला. भाऊंचंही. पण भाऊ गाडीमागं हिंडत आणि मी अमरावतीला बरण्यांमागं. सुट्टी फक्त अमावस्येला. अमावस्येला दोन्ही ड्रायव्हर गाडी लावत नसत, त्यामुळं ते दोघं ऑफिसात बसत आणि मी अकोल्याला पळे. बुढी शेजारणींना सांगायची, "आमचा चंद्र अमावस्येलेच उगवते." पोरगी झाली तेव्हा अष्टमी होती. मी नव्हतो. सासरा गेला तेव्हा एकादशी. नव्हतो.

मग त्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. पिशवीचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

"अजी, ऐका. सोमवारी हाये. यावेळी तुमी नाई आले तं मी टेबलावर चढत नाई. डॉक्टरले सांगून ठेवलं."

"अवं, पण सोमवारी..."

"अमावस्या नाई हाये. पाहून झालं माहं पंचांग. डॉक्टर म्हणते लवकर करा, गाठ वाढून राहिली. आता तुमचं तुमी पाहा."

बाई हट्टाची. चढत नाही म्हणजे चढत नाही. मी भाऊंपुढं जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, बायकोचं ऑपरेशन हाये."

"किती फुटावर?"

"सात दिवसांवर."

भाऊंनी फळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. भर उन्हाळा, दोन्ही गाड्या दोन दिशांना, चाखायला दोन्हीकडं भाऊच पाहिजेत. मला वाटलं, नाही म्हणणार. ते म्हणाले, "कॅमेरा लावू."

अकोल्यात त्यांच्या ओळखीचा एक सोनार होता. घरी झोपाळ्यावर बसून मोबाइलमध्ये दुकान पाही. "तो सोनं पाहते, मी माती पाहीन. तुमी मोकळे, राजे!" आणि भाऊंनी तिथल्या तिथं टाळी वाजवली, जणू काम झालंच.

शकीलभाई आला. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता कॅमेरे लावायचा. अमरावतीचाच. हिंदी-वऱ्हाडी खिचडी बोलणारा, हसरा गडी. चार कॅमेरे, एक रेकॉर्डरचा डबा, एक नेटचा डबा. त्यानं शिडी दारापाशी लावली.

"पहला कॅमेरा दरवाजे पे, भाऊ?"

"दार कोण चोरते?" भाऊ म्हणाले.

चारही कॅमेरे फळ्यांवर. चौथ्याच्या कोपऱ्यात माझं स्टूल आलं, ते शकीलभाईच्या चुकीनं.

बुधवारी संध्याकाळी भाऊंच्या मोबाइलमध्ये ऑफिस दिसलं. काय ती मजा! भाऊ ऑफिसात उभे राहून मोबाइलमध्ये ऑफिसात उभे असलेले भाऊ पाहत होते. हात हलवला की मोबाइलातले भाऊ थोड्या वेळानं हलवायचे. "पाहा, मांगून हलवते! आळशी हाये लेकाचा!" दहा वेळा हात हलवला. पेढे आणले. शकीलभाईनं पेढा खाल्ला, मी बुढीला फोन केला, "येतो गं." ती म्हणाली, "पाहू."

भाऊ पेढ्याचा पुडा घेऊन अकोल्याला निघाले. रस्त्यावर गेले आणि लगेच परत आले. "राजे, बंद पडलं." आत आले तर चालू. बाहेर गेले, पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. आत आले, चालू. असं आत-बाहेर, आत-बाहेर. पानठेल्यावरचे लोक उठून पाहायला आले. एकानं विचारलं, "भाऊ, नवस हाये का?" शकीलभाई परत आला, डोक्याला हात लावला. मोबाइल ऑफिसच्याच नेटवर चालू होता.

"म्हणजे ऑफिसात बसून ऑफिस दिसते?" मी म्हणालो. "ते तं मले बिनामोबाइलचंही दिसते."

"चाचा, गुस्सा नको. बाहरसे अंदर आनेका रास्ता खोलना पडेगा. डब्यात."

गुरुवार त्या रस्त्यात गेला. शुक्रवारी भाऊ बडनेऱ्याच्या स्टेशनवर जाऊन उभे राहिले आणि तिथून फोनवर ओरडले, "दिसून राहिलं! राजे, मोर्शी, तीनशे फूट, झाकण ढिलं हाये! आवळा!" मी आवळलं. "आता बराबर!" स्टेशनवरच्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. मी पिशवी भरायला घेतली.

दुपारी लाइट गेली. भारनियमन, रोजचंच. दोन तासांनी आली, पण भाऊंच्या मोबाइलात ऑफिस आलं नाही.

शकीलभाईनं समजावलं, "लाइट गयी, डबा बंद हुआ. चालू झाला की कंपनी त्याले नवा नंबर देते. पत्ता बदल गया समझो."

"पत्ता कसा बदलन?" भाऊ फोनवरून म्हणाले. "भिंती तं तिथंच हायेत!"

"भिंती तिथंच, भाऊ. नेटचा पत्ता बदलते."

तोड निघाली. लाइट आली की मी डब्याचा नवा नंबर वाचायचा, फोनवर भाऊंना सांगायचा, ते तो मोबाइलात टाकणार. शनिवारी सकाळी आम्ही हे दोन वेळा केलं. नंबर वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं.

"शकीलभाई, मी इथं नसावं म्हणून कॅमेरा लावला ना?"

"हां, चाचा."

"अन् कॅमेरा दिसाले मी इथं पाह्यजे?"

शकीलभाईनं हातातली वायर खाली ठेवली. "बात तो सही है."

कायमचा पत्ता मिळायचा तर अर्ज, पंधरा दिवस. इन्व्हर्टर शोधला तर अमरावतीत त्या उन्हाळ्यात इन्व्हर्टर म्हणजे नवरदेव झाला होता, मागाल तिथं नाही. मी बुढीला फोन केला नाही. तिनं केला. मी उचलला नाही. आयुष्यात बऱ्याच वेळा भिऊन फोन उचलला नाही, पण त्या दिवशीचा अजून कानात वाजतो.

रविवारी दुपारी दारात बोअरची गाडी येऊन उभी राहिली. तिवशाकडचं काम अर्धं टाकून भाऊंनी आणली होती. ड्रायव्हरचा चेहरा पडलेला. भाऊंनी स्वतः पाना घेतला आणि गाडीची बॅटरी काढली.

"भाऊ, सीझनमध्ये गाडी उभी करता?" ड्रायव्हर म्हणाला.

"दुसरी बॅटरी मिळन दोन दिवसांत. यायले दुसरी बायको मिळन का?"

दोघांनी ती ओझ्याची बॅटरी उचलून आत आणली. शकीलभाईनं वायरी जोडल्या: कॅमेरे, रेकॉर्डर, नेट, सगळं बॅटरीवर, आणि लाइट असली की बॅटरी भरणार. मग आम्ही चौघं लाइट जाण्याची वाट पाहत बसलो. जगात कोणी लाइट जाण्याची वाट इतक्या आशेनं पाहिली नसेल. आणि त्या दिवशी ती जाईना! भाऊ पंख्याकडं पाहून म्हणायचे, "जा ना बाप्पा." अखेर पंखा मंद झाला, थांबला. डब्याचा हिरवा दिवा तसाच. शकीलभाई मोबाइल घेऊन रस्त्यावर पळाला आणि तिथून ओरडला, "नंबर वहीच है! दिसतंय!"

भाऊंनी त्याला मिठी मारली आणि दोघं त्या खोलीत नाचू लागले. फळ्या हलल्या, बरण्या खणखणल्या. मी आणि ड्रायव्हर हात पसरून फळ्यांना धरून उभे. "नाचा, पण हळू नाचा!" मी ओरडत होतो.

सोमवारी पहाटे निघण्याआधी भाऊंनी पूजा केली. बोअरला सुरुवात करताना ते मशीनला हळदकुंकू लावत, तशी इथंही. नारळ फोडला, उदबत्ती लावली, माझ्याकडून आरती म्हणवली. मग कुलूप लावलं. दिवाळीच्या त्या चुन्यानंतर पहिल्यांदा. किल्ली माझ्या खिशात, आणि आम्ही जीपनं अकोल्याकडं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. भाऊंनी मोबाइल उघडला आणि त्यांच्या हातातली बशी सांडली.

"राजे! लाल! सगळं लाल! आग लागली!"

मी पाहिलं. चारही चौकोन लालभडक. भाऊ जीपकडं धावले, तोंड अमरावतीकडं करून. ऑपरेशन दहा वाजता. आत्ता वळलो तर गेलं सगळं. पण धूर नव्हता, काही हलत नव्हतं, नुसता दाट लाल रंग. आणि मला पहाटेचं आठवलं: भाऊ स्टुलावर चढलेले, अंगठा कुंकवात.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमी टिळा कुठी लावला?"

"कुठी म्हणजे? मशीनले लावतो तसा. कपाळावर."

"कॅमेऱ्याचं कपाळ कोणतं?"

भाऊंनी मोबाइलकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "ते पुढचं गोल..." म्हणाले आणि आपल्या अंगठ्याकडं पाहू लागले. त्यांनी चारही कॅमेऱ्यांचे डोळेच कुंकवानं भरले होते.

शकीलभाईला फोन लावला. किल्ली आमच्याकडं. तो म्हणाला, खिडकीच्या गजातून बघतो. आम्ही टपरीवर मोबाइल टेबलावर ठेवून वाट पाहतोय, चहावाला वाकलेला, दोन एसटी कंडक्टर वाकलेले. एका चौकोनात अचानक लाल पुसट झालं आणि पलीकडून एक भलंमोठं ओलं फडकं येताना दिसलं. शकीलभाईनं बांबूला फडकं बांधलं होतं.

"आलं! आलं!"

"वर घ्या! शकीलभाई, वर!"

"डावीकडं! अबे, डावी म्हणजे त्याची का आपली?"

"भाऊ, बरणी को लगेगा!"

"बरणीले लागू देऊ नका, राजे!"

मग एकदम लख्ख. एक फळी दिसली. दर्यापूरची, लाल झाकणांची. टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बाकीचे तीन कॅमेरे खिडकीपासून लांब. बांबू पोचेना. तीन चौकोन लालच.

भाऊ जीपला टेकून उभे राहिले. अमरावतीकडं पाहिलं, अकोल्याकडं पाहिलं. मी बोललो असतो तर वाईट बोललो असतो. मग भाऊ मोबाइल खिशात टाकून म्हणाले, "चला. वहिनी किती फुटावर हायेत?"

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती ढकलगाडीवर झोपलेली, हिरवे कपडे, आणि आत न्यायला आलेल्या माणसाशी भांडण चालू. "थांब म्हणलं ना बावा. एक मानूस यायचा हाये." मी समोर गेलो. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आले का?"

"आलो."

"सदरा धुतलेला नाई." आणि त्या माणसाला म्हणाली, "चाल आता. काहून थांबला?"

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ मोसंबी घेऊन आले. तेही अकोल्यातच थांबले होते, कारण दुसऱ्या गाडीच्या शिवारात मोबाइलला नेट येत नव्हतं आणि भाऊंना ऑफिस पाहायचं होतं. म्हणजे दुसरी गाडीही उभीच. खाटेपाशी स्टूल ओढून त्यांनी मोठ्या अभिमानानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "पाहा वहिनी. आपलं ऑफिस."

तिनं डोळे बारीक केले. तीन लाल चौकोन आणि एक फळी.

"हेच का ते?"

"हेच."

"एवढीशी खोली?" ती माझ्याकडं वळली. "याच्यासाठी तुमी पोरीच्या बारशाले आले नाई? मले वाटे, राजवाडा असन!" आणि तिला हसू फुटलं. टाके दुखत होते, पोट धरून हसत होती, "अगं माय, अगं माय" म्हणत होती. नर्स धावत आली. हसता हसता थांबून तिनं भाऊंना विचारलं, "भाऊ, एक सांगा. दोन्ही गाड्या बंद. तुमी इथं बसून ती खोली पाहून राहिले. मंग तुमीच तिथं जाऊन काहून नाई बसले?"

भाऊंनी मोबाइल खाटेवर ठेवला. मोसंबी हातातच. म्हणाले, "वहिनी, हे मले सुचलंच नाई." मलाही सुचलं नव्हतं. संध्याकाळी शकीलभाईला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "या अल्ला, मुझे भी नही."

कुंकू पुसलं, पंधरा दिवसांनी कायमचा पत्ता मिळाला, बॅटरी गाडीत गेली. आणि भाऊंनी आपण होऊन एक काम केलं. आमच्या पोरीच्या मोबाइलमध्ये तो चौथा कॅमेरा घालून दिला, माझ्या स्टुलाचा. त्या दिवसापासून मी अमरावतीत मोकळा बसलो नाही. दहा वाजता बुढीचा फोन. "अजी, दोन वाट्या वरण घेतलं का एकच? मी पाहिलं, एकच." अकरा वाजता, "त्या बरणीवरची धूळ पुसा, मले इथून दिसते." एकदा मी स्टुलावर डुलकी घेतली तर भाऊंचा फोन आला नाही, बुढीचा आला. ती पाच वर्षं जगली त्यानंतर. आमचा खरा संसार त्याच पाच वर्षांत झाला, मधे नव्वद किलोमीटर आणि एक कॅमेरा.

शेवटी गाठ दुसरीकडं निघाली. पोरीनं सकाळी फोन केला, लवकर या. मी ऑफिसात एकटा. भाऊंना फोन लावला, म्हणालो, भाऊ, जावं लागते. ते मोर्शीत बोअरवर होते. फुटाचा हिशेब विचारला नाही. तासाभरात गाळानं माखलेले तसेच आले, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि स्टुलावर बसले. "जा," एवढंच म्हणाले.

मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. आवाज अगदी खोल गेलेला. मी हात धरला. तिनं आधी विचारलं,

"ऑफिसात कोण हाये?"

"भाऊ बसले हायेत."

तिनं पोरीकडं पाहिलं. पोरीनं मोबाइल तिच्यासमोर धरला. स्टुलावर भाऊ, अंगभर गाळ, हात गुडघ्यावर, फोटोला बसल्यासारखे ताठ.

"तुमच्यापेक्षा बरे बसतेत," म्हणाली. मग खाटेवर हातानं चाचपून माझ्यासाठी जागा केली. "मंग आता तुमी बसा इथं."